काम गेले, अर्ज कुठे करायचा?

परवा दुसऱ्या वर्षाचा तास संपला आणि मुली भराभर बाहेर पडल्या. एक मात्र फळ्याजवळ घुटमळत राहिली. परीक्षेच्या फीला मुदत वाढवून मिळेल का, एवढेच तिला विचारायचे होते. बेला मंडलातली मुलगी. बाबा घरात मराठी बोलतात. आई भालकीकडची, तिची चुलीपुढची भाषा कानडी. शाळा झाली तेलुगूत. तीन भाषा अस्खलित बोलणाऱ्या या मुलीला त्या दिवशी एकाही भाषेत नीट बोलता येत नव्हते.

"बाबांचा ऑटो दिवसभर उभाच असतो, मॅडम. बायका आता बसने जातात." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाली, "मीपण त्याच बसने येते."

मी फीचे बघते म्हटले. ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "नोकरी गेलेल्यांना सरकार भत्ता देते म्हणे. आमच्या बाबांसाठी अर्ज कुठे करायचा?"

वर्गात कुठल्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देण्याची आम्हा शिकवणाऱ्यांना सवय असते. या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे आठ दिवस जाणत्यांना विचारले, नियम वाचले, दोनतीन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले. जे हाती लागले ते या लेखात मांडते आहे, कारण हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही. ऑटोवाला, शिंपी, चहावाला, बँडवाला, मंडपवाला, भाजीची गाडी लावणारा अशी स्वतःच्या हिमतीवर घर चालवणारी माणसे आपल्या वाचकांच्या घरोघरी आहेत.

आधी बसचे बोलू. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३ पासून 'महालक्ष्मी' योजनेत बायकामुलींना पल्ले वेलुगू आणि एक्स्प्रेस बसने फुकट प्रवास मिळू लागला. शेजारी कर्नाटकात 'शक्ती' योजना त्याच वर्षी ११ जूनला सुरू झाली होती. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. तिन्ही राज्यांत हे एकाच वर्षी घडले. आपल्यासारख्या सोयरिकींच्या घरांत त्याची गंमतही झाली. भालकीची मावशी इकडे आली की तिला पूर्ण तिकीट, आणि आपली आई तिकडे गेली की तिला पूर्ण तिकीट, कारण फुकट प्रवास ज्या त्या राज्याच्या रहिवाशालाच.

ही बस बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. कंडक्टरने शून्य रुपयांचे तिकीट हातात दिले म्हणूनच कॉलेजात येऊ शकणाऱ्या कितीतरी मुली माझ्या वर्गात बसतात. दवाखान्यात एकटीने जाऊ लागलेल्या सासवा आहेत, आठवड्याच्या बाजाराला जाऊन चार पैसे मिळवणाऱ्या बाया आहेत. पण एका घराचा प्रवास फुकट झाला तेव्हा दुसऱ्या घराचे गिऱ्हाईक गेले, हेही तितकेच खरे. कधी कधी ही दोन्ही घरे एकाच छपराखाली असतात. लेक फुकट बसने कॉलेजला येते आणि त्याच रस्त्यावर बापाचा ऑटो रिकामा उभा असतो. डिझेल आणि हप्ता वजा जाता हाती उरते ते भाजीपुरते. त्या मुलीचा "मीपण त्याच बसने येते" हा शब्द म्हणूनच माझ्या मनातून जात नाही. यात तिचा काय गुन्हा?

आता मूळ प्रश्न. स्वतःचा धंदा करणाऱ्याचे काम गेले तर बेकारी भत्ता मिळतो का? सरळ उत्तर द्यायचे तर नाही. असा नेहमीसाठीचा भत्ता आपल्या देशात नाही.

ती मुलगी म्हणत होती तो भत्ता वेगळा. कामगारांसाठी १९४८ साली राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत ईएसआयची योजना सुरू झाली. त्या विम्यातल्या माणसाची नोकरी गेली तर काही दिवस ठरावीक रक्कम देण्याची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' २०१८ साली आली. आधी सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मिळत. कोरोनाच्या काळात, २४ मार्च २०२० पासून, ते ५० टक्के झाले. तेही जास्तीत जास्त ९० दिवस. पण त्यासाठी मालक हवा, पगार हवा, पगारातून वर्गणी कापलेली हवी. ज्याचा मालक तोच आणि नोकरही तोच, त्याची वर्गणी कोण कापणार?

असे का, याचाही विचार करावा. गिरणीतला माणूस कामावरून कमी झाला की त्याची तारीख असते, कागद असतो. ऑटोवाल्याचे काम कुठल्या तारखेला गेले? त्याला कुणी काढून टाकलेले नसते. कालपर्यंत दहा फेऱ्या होत होत्या, आज चार होतात, पुढच्या महिन्यात दोन. ऑटो त्याचाच, स्टँडही तेच, तो खाकी शर्ट घालून सकाळी जातोही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते की माणूस कामावर आहे. इंग्लंडने १९११ साली बेकारीचा विमा काढला तेव्हा तोही पगारी कामगारांसाठीच होता. विमा काढणाऱ्याला हजेरीपट लागतो आणि आपल्या घरच्या कर्त्याचा हजेरीपट कुणी लिहीतच नाही.

आपल्याच भागातले उदाहरण बघा. कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ च्या सप्टेंबरात बंद पडली आणि २०१८ साली नव्या मालकाने ती घेतल्यावर पुन्हा उभी राहिली. मधल्या चार वर्षांत मिलच्या कामगारांचे हाल झाले, पण त्यांची नावे निदान रजिस्टरात होती. त्यांची थकबाकी किती, देणे किती, याचा हिशेब तरी मांडता येत होता. पण गेटासमोरचा चहावाला, कामगारांचे कपडे शिवणारा शिंपी, पाळीच्या वेळी सायकली दुरुस्त करणारा यांचेही काम त्याच दिवशी गेले होते. त्यांचे येणे किती, हे कुठल्या वहीत शोधायचे?

कायद्याने या माणसांची दखल घेतलीच नाही असे नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही कामगार मानले गेले. पुढे सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत हे सगळे एकत्र आले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात आयुष्याचा विमा, अपंगत्व, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांची नावे आहेत. काम जाण्याचे नाव मात्र त्या यादीत नाही. आपल्याकडे माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, मरतो हे कायद्याला कळते. धडधाकट माणूस रिकाम्या हाताने घरी येतो, हे अजून कळायचे आहे.

मग सगळा अंधारच का? तसेही नाही. नेहमीचा भत्ता नसला तरी वेळोवेळी मदत आलेली आहे. ती कुणाला पोचली आणि कुणाला नाही, यातच आपल्यासाठी धडा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांची चाके थांबली. कर्नाटक सरकारने ६ मे २०२० रोजी ऑटो आणि टॅक्सीचालकांना, तसेच केस कापणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या कारागिरांना एकदाच ५,००० रुपये जाहीर केले. चालकांची संख्या सरकारने धरली होती ७ लाख ७५ हजार. अर्ज 'सेवा सिंधू'वर भरायचा होता, त्यात लायसन्स, गाडीचा नंबर, आधार हे सगळे जुळायला हवे होते. प्रत्यक्षात रक्कम पोचली ती धरलेल्या संख्येपेक्षा पुष्कळच कमी लोकांना. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, तिथे चालकांना ३,००० रुपये आणि शिंपी, मेकॅनिक, चांभार अशा असंघटित कामगारांना २,००० रुपये जाहीर झाले. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालकांना, नोंदणी झालेल्या फेरीवाल्यांना आणि बांधकाम कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. आपल्या तेलंगणात २०२० साली पांढऱ्या रेशनकार्डाच्या घरांना दीड हजार रुपये आणि माणशी बारा किलो तांदूळ मिळाला, तो धंदा बघून नव्हे तर कार्ड बघून.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आदिलाबाद, बीदर आणि नांदेड ही एकाच हैदराबाद राज्याची गावे होती. आज भालकीचा मेहुणा आणि बेल्याचा भाऊजी दोघेही ऑटो चालवतात, दोघांची चाके एकाच आठवड्यात थांबतात, पण एकाला मिळते ते दुसऱ्याला मिळत नाही. त्यात कुणाची लबाडी नाही. मदत राज्याची असते आणि राज्य आपल्या नोंदीतले नाव बघते.

बसमुळे गेलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई हाही आता नुसता कल्पनेचा विषय राहिलेला नाही. आंध्र प्रदेशात १५ ऑगस्ट २०२५ ला बायकांचा फुकट प्रवास सुरू झाला आणि ४ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या सरकारने सुमारे २ लाख ९० हजार चालकांच्या खात्यात प्रत्येकी १५,००० रुपये टाकले. तेलंगणात २०२३ च्या निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात ऑटोचालकांना वर्षाला १२,००० रुपयांचे वचन होते आणि त्यासाठी चालकांच्या संघटना सतत मागणी करीत आल्या आहेत. आंध्रातली अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी स्वतःच्या नावावर हवी आणि ती स्वतः चालवत असायला हवे. जुनी गाडी घेतली, पैसे दिले, पण आरसी अजून जुन्याच मालकाच्या नावावर आहे, असे किती जण आपल्या ओळखीत आहेत? त्या मुलीचे बाबा त्यांतलेच एक निघाले.

परदेशातही हेच दिसते. २०२० साली इंग्लंडने स्वतःचा धंदा करणाऱ्यांना त्यांच्या सरासरी नफ्याच्या ८० टक्के रक्कम दिली, पण कशावरून? आधीच्या वर्षांत त्यांनी भरलेल्या कराच्या विवरणपत्रांवरून. ज्यांनी नुकताच धंदा सुरू केला होता आणि विवरणपत्र भरलेले नव्हते, ते पहिल्या वेळी बाहेरच राहिले. अमेरिकेनेही त्या वर्षीच्या मार्चमध्ये खास कायदा करून अशा लोकांना काही काळ बेकारी भत्ता दिला. म्हणजे आदिलाबाद असो की लंडन, स्वतःचा धंदा करणाऱ्याला मदत मिळते ती त्याच्या कष्टाकडे बघून नव्हे, त्याच्या नोंदीकडे बघून. हे बरोबर आहे असे मी म्हणत नाही. पण आहे ते असे आहे, आणि तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आता आपल्या घरांची खास अडचण. आपल्याकडे कागद नसतात असे नाही, एका माणसाचे चार कागद चार माणसांचे वाटतात. मराठी रीतीने नाव आधी, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. तेलुगू रीतीने घराचे नाव सुरुवातीला, तेही पुष्कळदा एका अक्षरात. सुनेचा शाळेचा दाखला कर्नाटकातला, त्यावर माहेरचे नाव, आधारवर नवऱ्याचे नाव, बँकेत तिसरेच. त्यात तेलुगूतून इंग्रजीत आणि कानडीतून इंग्रजीत आलेली स्पेलिंगे. माणसाला हे सगळे एकच वाटते, पण संगणकाला ती तीन निरनिराळी माणसे. पैसे मंजूर होतात आणि नाव जुळले नाही म्हणून खात्यात येत नाहीत. जन्मतारखेचेही तसेच.

आमच्याकडच्या सेवाकेंद्राचे नाव 'मी सेवा'. तेलुगूत त्याचा अर्थ 'तुमची सेवा'. मराठी माणूस वाचतो ते 'मी' म्हणजे मीच. आमच्या वर्गात यावर नेहमी हशा होतो. पण या आठ दिवसांत वाटले, मराठी अर्थही अगदी चुकीचा नाही. ही सेवा आपली आपणच आधी करून ठेवावी लागते. सगळे कागद सतरंजीवर पसरून एकदा घरच्यांनी मिळून बघावेत. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर ओळीने लिहून काढावे आणि वेगळे दिसेल ते काम चालू असतानाच दुरुस्त करून घ्यावे. काम गेल्यावर या दुरुस्त्यांना लागणारे बसभाडेही जड होते.

ई-श्रम ही नोंद २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. असंघटित कामगार आणि स्वतःचा धंदा करणारे तिथे नाव घालू शकतात. नोंद केली म्हणजे भत्ता सुरू होईल असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. पण उद्या कुठली मदत आली तर यादी तिथून निघू शकते. मंडप, गवंडीकाम, रंगकाम करणाऱ्यांनी यापैकी जे बांधकामात मोडते त्यासाठी बांधकाम कामगार मंडळाची नोंद करावी आणि ती वेळेवर नवी करावी. टाळेबंदीत मंडळांनी मदत दिली ती नोंद असलेल्यांनाच.

'बेकारी भत्ता' हे नाव कायद्यात ठसठशीतपणे सापडते ते मात्र एकाच ठिकाणी, ग्रामीण रोजगाराच्या हमीत. ही कल्पना मुळात महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात तिने हजारो घरे जगवली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम आणि काम देता आले नाही तर दिवसाला निदान एक रुपया भत्ता. रक्कम आज हसू येण्यासारखी वाटते. पण काम न मिळणे हा मागणाऱ्याचा दोष नाही, हे त्या एका रुपयाने कबूल केले होते. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई.

हीच गोष्ट देशभर २००५ च्या कायद्याने आली. २ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू झालेल्या पहिल्या २०० जिल्ह्यांत आपला आदिलाबाद होता. त्या कायद्यात नियम असा होता की अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम दिले नाही तर पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या निदान चौथा हिस्सा आणि नंतर निदान निम्मा भत्ता द्यावा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाला १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे आणि काम न दिल्यास भत्त्याचे तत्त्व कायम आहे. खेड्यात राहणारा ऑटोवाला किंवा शिंपीही अंगमेहनतीचे काम करायला तयार असेल तर इथे हक्काने अर्ज करू शकतो. तुझा धंदा कोणता, असे कुणी विचारत नाही. मात्र अर्ज तोंडी करू नये. लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी. ते पंधरा दिवस पोचेवरच्या तारखेपासून मोजले जातात. पोच नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर भत्ता नाही. शहरात राहणाऱ्याला ही वाट नाही, हेही सांगायला हवे.

आणखी एक सावधगिरी. काम गेलेल्या घरात मदतीच्या नावाने आधी येते ते कर्ज. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० ला सुरू झालेली 'स्वनिधी' हे कर्ज आहे. १७ सप्टेंबर २०२३ ची 'विश्वकर्मा' योजना शिंपी, सुतार, कुंभार, न्हावी, गवंडी अशा १८ कारागिरीच्या धंद्यांसाठी आहे. त्यात प्रशिक्षणाच्या दिवसांचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, पण पुढची मोठी रक्कम कर्जच. ऑटोचालक त्या अठरांत नाही. धंदा परत चालणार असेल तर कर्ज उपयोगी. गिऱ्हाईकच गेले असेल तर कर्ज म्हणजे काम नसताना डोक्यावर घेतलेले आणखी एक काम. महिला संघातून पैसे उचलून गाडीचा हप्ता भरणे, हे तर घरातल्या बाईने स्वतःच्या पतीवर टांगती तलवार ठेवणे होय. त्यापेक्षा हप्ता चुकण्याच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जावे, परिस्थिती लेखी द्यावी, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागावी आणि त्याचीही पोच ठेवावी. हप्ता चुकल्यावर गेलेल्याचे ऐकून घेणारे थोडे असतात.

एवढे सगळे टिपून मी त्या रविवारी मुलीच्या घरी गेले. आईने चहा ठेवला. "केलसा इल्लंद्र एन माडबेक?" असे ती कानडीत स्वतःशीच पुटपुटली. काम नाही तर करायचे तरी काय! बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, आम्ही मागणाऱ्यातले नाही. आजवर कुणापुढे हात पसरला नाही."

हा स्वाभिमान मला ठाऊक आहे, माझ्या घरातही तो होता. पण त्यांना जे सांगितले तेच वाचकांनाही सांगते. डिझेल भरताना दर लिटरमागे कर जातो. गाडीचा टॅक्स भरला, परवान्याची फी भरली, विमा भरला. तेव्हा देणारे आपण होतो. आता अर्ज केला तर ते मागणे कसे? आणि त्यांच्या बायकोच्या माहेरापासून बसवकल्याण काही फार लांब नाही. तिथे बाराव्या शतकात बसवण्णांनी कष्टाला 'कायक' म्हणून मान दिला, पण त्याच्या जोडीला 'दासोह'ही सांगितला. आपल्या कमाईतले समाजाला द्यायचे आणि त्यातून सगळ्यांचे चालायचे. दोन्ही शब्द बरोबरीने आले आहेत. आपण घरी कायकाचे गुणगान करतो आणि दासोहाची पाळी आपल्यावर आली की मान खाली घालतो.

बापाच्या मौनाचा भार मुलांवर पडतो, तेही त्यांना सांगावे लागले. तुमची लेक फुकट बसमध्ये बसताना स्वतःला अपराधी समजते आहे, हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा वर बघितले. काम कमी झाले आहे हे घरात उघडपणे बोलले गेले पाहिजे. हप्ता किती, रेशन किती, फी कधी, हे मुलांना समजेल अशा शब्दांत सांगावे. ज्या घरात आकडा बोलला जातो तिथे संशय राहत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज आणि उत्पन्नाचा दाखला यासाठीही खरा आकडाच लागतो. मानापोटी फुगवून सांगितलेले उत्पन्न शेवटी मुलीच्या फीत वसूल होते.

निघताना मुलीने दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर तिने तारीख घातली आणि तीन रकाने पाडले: आजच्या फेऱ्या, आजचे डिझेल, हाती आलेले पैसे. बाबा सांगत होते, ती लिहीत होती. त्या दिवशीचा पहिला रकाना होता दोन फेऱ्यांचा. आरसी नावावर करून घ्यायला बुधवारी जायचे ठरले, आईच्या आधारवरचे नाव त्यानंतर.

या वहीने उद्या भत्ता सुरू होणार नाही. त्या मुलीचा प्रश्न, अर्ज कुठे करायचा, हा तसाच उभा आहे आणि तो आमदाराला, खासदाराला, पंचायतीला विचारत राहणे आपले काम आहे. पण कधी तरी कुणी विचारील, तुमचे काम कधी गेले, किती गेले, पुरावा काय? तेव्हा घरच्या कर्त्याने नुसते आकाशाकडे बोट दाखवू नये. त्याच्या लेकीने लिहिलेला हजेरीपट त्याच्या हातात असावा.

फीची मुदत पंधरा दिवसांनी वाढवून मिळाली आहे. ती मुलगी रोज कॉलेजला येते, त्याच बसने.